कोहमारावालीचं नाव

उर्वशीनं आजीच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा ‘कोह’ एवढंच बाहेर पडलं होतं.

“नंदा म्हण,” ती म्हणाली.

रामबाईनं नातीचा हात बाजूला केला, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “नंदाबाईसाहेब, चाय भेटन का?”

आतून हसू ऐकू आलं आणि मागोमाग चहाही आला.

दिवाळीपासून घरात हे असंच चाललं होतं. उर्वशी गोंदियाच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या स्त्री अभ्यास केंद्रात तिनं नाव घातलं होतं. केंद्र म्हणजे सायकल स्टँडला लागून एक खोली, एक कपाट आणि रेणू मॅडम. पण त्या खोलीत बसून आलेली मुलगी घरच्यांना सुखानं जेवू देत नाही, अशी त्या खोलीची ख्याती होती. पहिल्याच तासाला मॅडमनी सगळ्यांना आपल्या गल्लीतल्या पाच बायकांची नावं सांगायला लावली. उर्वशी उभी राहिली ती उभीच राहिली. तिच्या गावात सुनांना नाव नसे, माहेरचं गाव असे. समोरची आमगाववाली, विहिरीजवळची तिरोडावाली, आणि तिची स्वतःची आई कोहमारावाली.

त्याच संध्याकाळी तिनं घरात फर्मान काढलं. आईला नाव आहे, नंदा, आणि तेच घ्यायचं. वडील रूपलाल ‘हो बा’ म्हणून शेतातल्या बांधीकडे निघून गेले. पोरीशी वाद घालण्यापेक्षा धानाची राखण बरी, असं त्यांचं मत होतं. उर्वशीनं शेजारपाजारच्या बायकांनाही टोकायला सुरुवात केली. पटले हे आडनाव गाळून ती स्वतःचं नाव ‘उर्वशी नंदा’ असं लावू लागली, तेव्हा पटले नावाले उदई लागली का, वाळवीनं खाल्लं का, असं आजीनं विचारलं. पण तीही हळूहळू वळणावर आली. संक्रांतीपर्यंत अख्ख्या आळीत कोहमारावाली कोणी म्हणेनासं झालं. उर्वशीला आपला फार अभिमान वाटला.

सरकारी कागदावर आता आईचं नाव येतंच, मॅडम म्हणायच्या, पण कागदावर येऊन काय, ते तोंडात आलं पाहिजे. म्हणून महिला दिनाच्या कार्यक्रमात यंदा भाषणं कमी ठेवली होती. मुलींच्या आयांनी मंचावर यायचं, माइकसमोर उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि खाली उतरायचं. चार माणसांत कधी तोंड न उघडलेल्या आपल्या आईनं भरल्या सभागृहात आपलं नाव घ्यावं, ही उर्वशीची त्या वर्षातली सगळ्यात मोठी इच्छा होती. तिनं आईची गोठ्यात तालीम घेऊन पाहिली. शेणाची पाटी उचलता उचलता आई दर वेळी हसायची आणि म्हणायची, तिथं सांगन नं.

कार्यक्रमाच्या दिवशी रामबाईही लुगडं बदलून दारात उभी राहिली. “मीबी येतो. सुनेचं बारसं कोनाले पाहाले भेटते?”

तिघी सकाळच्या बसनं गोंदियाला पोचल्या. सभागृह बरंच भरलं होतं. मागच्या बाकांवर नाश्त्याच्या आशेनं आलेली पोरंही होती. सूत्रसंचालन उर्वशीकडेच होतं. एकेक आई येत गेली. एकीनं सवयीनं नवऱ्याचं नाव आधी घेतलं आणि जीभ चावली, तशी सगळी सभा प्रेमानं हसली. दुसरी नाव सांगून रडायलाच लागली. मग उर्वशीनं आवाज सावरून सांगितलं की आता माझी आई येते आहे.

आई सावकाश पायऱ्या चढली. माइकच्या दांडीला तिनं हात लावला, सोडला, पुन्हा धरला. समोर पहिल्या रांगेत सासू बसली होती, तिच्याकडे एकदा पाहिलं.

“शामकला,” ती म्हणाली. “शामकला केशोराव बोपचे.”

टाळ्या पडल्या. केशोराव बोपचे हे आईचे वडील, पण शामकला कोण, ते उर्वशीला कळेना. माय घाबरली, भलतंच बोलून बसली, असं वाटून ती पुढे झाली आणि कानाशी लागून म्हणाली, “माय, तुझं नाव सांग.”

“तेच तं सांगून राहिली.”

माइक चालूच होता. सगळ्यांनी ते ऐकलं आणि टाळ्या दुप्पट झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत रामबाईही होती.

कार्यक्रम आटोपल्यावर तिघी कॅन्टीनच्या बाकावर बसल्या. उर्वशीनं समोरच्या समोशाला हातही लावला नाही. मग आजीनंच सांगितलं. सून आली तेव्हा घरात एक शामकला होतीच, रामबाईची लेक. एका घरात दोन शामकला कशा चालतील? घरच्या लेकीचं नाव कोण बदलवते? म्हणून लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर नवरीचं नाव नंदा लिहिलं.

“पण घरात शामकला कुठं आहे?” उर्वशी म्हणाली.

“तुझी रविता आत्या.” रामबाईनं चहाचा घोट घेतला. “तुझी माय आली त्याच्या दुसऱ्याच साली तिचं लगन झालं. तिच्या सासरी नाव बदलवून रविता केलं.”

म्हणजे ज्या नावासाठी आईचं नाव गेलं, ते नाव इतकी वर्षं रिकामंच पडून होतं. उर्वशीला आजीचा संताप आला, आणि आजीनं मान खाली घातलेली पाहून तो धड राहिलाही नाही.

“मग मले सांगितलं काऊन नाही, माय?”

“तू किती हौसेनं नंदा नंदा करून राहिली होती.” आईनं समोशाचा कोपरा मोडून तिच्या हातात दिला. “एवढ्या हौसेनं माझं काही कोनी केलं नव्हतं. कायले मोडू?” मग जरा थांबून, तक्रारीचा सूर न लावता ती म्हणाली, “कोहमारावाली म्हनत, ते मले बरं वाटे. तेवढंच माझ्या घरचं होतं तिथं.”

उर्वशीला लाज वाटली. खूप लाज वाटली. आळीत दारोदार फिरून आपण काय पुसून आलो, ते तिला आता कळत होतं. पण ती रेणू मॅडमची विद्यार्थिनी होती. मॅडमच्या खोलीत हातपाय गाळून बसण्याची रीत नव्हती. डोळे पुसून ती तडक उठली. आजपासून शामकला, घरात आणि आळीत, आज जाऊन सगळ्यांना सांगते, असं ती म्हणू लागली.

आईनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“बस व बाई. मले ठरवू दे.”

उर्वशी बसली. रामबाईचा स्वभाव काही दम धरण्याचा नव्हता. सुनेकडे सरकून तिनं हळूच विचारलं, “मंग मी तुले काय म्हनू?”

“सांगतो,” आई म्हणाली.

तिनं कॅन्टीनवाल्याला हात करून आणखी एक चहा सांगितला, फक्त स्वतःसाठी. तो आल्यावर बशीत ओतला, फुंकर घातली आणि आरामात पिऊ लागली. एकीकडे सासू आणि एकीकडे लेक, दोघी तिच्या तोंडाकडे पाहत बसून राहिल्या.