मापमहाराजांचा व्हर्नियर

"उतरली! अजून उतरली!"

ओरडा झाला आणि सगळा हॉल खुर्च्यांवरून उठला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एका व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पोलादी हत्याराची, पट्टी दाराएवढी मोठी होऊन दिसत होती. एक आजोबा तिच्यावरच्या रेघा घोगऱ्या आवाजात वाचत होते. त्यांच्या मनगटावरची गाठ मागच्या बैठकीला एकतीस मिलिमीटर होती, आज तीस भरली. आजोबांना हुंदका आवरेना. शेजारच्या बाईचा त्या मनगटाशी काडीचा संबंध नव्हता, तरी तीही पदर डोळ्यांना लावून बसली. हॉल म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचं गोदाम. भिंतींना अजून शाईचा वास होता, आणि त्या वासात माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

स्टेजवर मापमहाराज उभे होते. भगवं नाही, जटा नाही. इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं.

"मी अंगारा देत नाही," ते म्हणाले, "मी आकडा देतो! माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा! रोग म्हणजे काय? रोग म्हणजे लांबी. लांबी कुणाच्या हुकमात? स्पंदनाच्या! स्पंदन आवळलं की लांबी आवळते. लांबी गेली, रोग गेला!"

रोगाला रुंदी आणि खोलीही असते, हे सांगायला महाराजांना बहुधा सवड नसावी. पण टाळ्या कडाडल्या.

मी एका तंत्रशाळेत मापन शिकवते. एका केसाच्या जाडीएवढाही फरक कसा धरायचा, हे शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मुलं माझ्यामागे मला 'फूटपट्टी' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. असल्या बैठकीला मी पाय ठेवला नसता. पण पहिल्या रांगेत माझी सख्खी मोठी बहीण बसली होती आणि तिच्या गळ्यावर गाठ होती.

ताई बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे गावाला तिच्या आवाजात कळतं. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "गाठ आवाजाच्या नसेला खेटून आहे. लवकर काढली तर आवाज राहील. उशीर केलात तर मी शब्द देऊ शकत नाही." ऑपरेशनची तारीखही ठरली होती. पण गळ्यावर सुरी चालणार म्हटल्यावर ताईची पाचावर धारण बसली, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मापमहाराजांचं नाव काढलं. तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे.

दाजींनी तिला आवरलं असतं. ते लेथवर काम करतात आणि कारखान्यात त्यांनी काढलेलं माप दुसरं कुणी तपासत नाही. एखाद्या बुवाने राख फुंकली असती तर दाजींनी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. पण इथे त्यांच्या हातात व्हर्नियर दिला होता! ज्या हत्याराच्या भरवशावर ते जन्मभर जगले, त्यावर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बायकोची गाठ चोवीसवरून उतरताना वाचली होती.

"हातच्या कंकणाला आरसा कशाला?" ते मला म्हणाले होते. "व्हर्नियर खोटं बोलत नाही, बाई."

"माझ्या व्हर्नियरने घरी मोजू या."

"नको!" ताई किंचाळलीच. "दुसरं माप लागलं की उतरलेलं परत चढतं. महाराजांनी बजावलंय."

बजावणारच! पण ताईपुढे माझी मात्रा चालली नाही. त्या दिवशी ती पाणी प्यायली तेव्हा मला दिसलं, एकच घोट ती दोनदा गिळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "घसा बसलाय जरा." म्हणून मी त्या बैठकीला आले होते.

आधी मला वाटलं होतं, महाराज जबडे जोराने दाबत असतील. व्हर्नियरला दोन जबडे असतात, वस्तू त्यांच्यात धरायची. मऊ वस्तू दाबली की दबते आणि माप कमी येतं. पहिल्या वर्षाची मुलं हीच चूक करतात. म्हणून मी पुढे बसून महाराजांच्या अंगठ्यावर नजर रोखली. पण तो माणूस फुलाला हात लावावा तसा मोजत होता. कातडीवर साधा वळही उठत नव्हता. मग माप घट्ट अडकवून व्हर्नियर कॅमेऱ्याखाली ठेवायचा आणि रुग्णाच्या नातेवाइकानेच तो वाचायचा. सगळं उघड्यावर चाललेलं. पाणी मुरत होतं, पण कुठे ते मला दिसेना, आणि खरं सांगते, मी घाबरले. क्षणभर असंही वाटलं, की खरंच कमी होत असेल तर? बहिणीसाठी मलाही ते हवंच होतं.

आजोबांनंतर एक शिंपीणबाई आल्या. खांद्यावरची गाठ अठराची सतरा झाली. मग एक ड्रायव्हर, कोपराजवळ गाठ, सत्तावीसची सव्वीस. मग ताईचं नाव पुकारलं.

दाजींनी व्हर्नियर वाचला. "साडेएकवीस," ते म्हणाले, आणि हसत ताईकडे वळले. "मागच्या वेळी साडेबावीस होती."

पुन्हा एकच कमी! मी सावरून बसले. म्हाताऱ्याचं मनगट, शिंपिणीचा खांदा, ड्रायव्हरचं कोपर आणि माझ्या बहिणीचा गळा. रोग वेगळे, वयं वेगळी, आणि उतार मात्र सगळ्यांचा सारखा? चार गाठी ठरवून एकाच पावलाने चालत नाहीत. बदलत होती ती गाठ नव्हती, चौघांमध्ये सामाईक असलेली वस्तू होती. चौघांना लागलेली वस्तू एकच, तो व्हर्नियर.

तेवढ्यात दाजींच्या हाताने एक गोष्ट केली. माप वाचून झालं, व्हर्नियर परत देण्याआधी त्यांचा अंगठा सवयीने जबडे मिटवायला सरकला. महाराजांच्या एका सेवकाने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"मिटायचं नाही! कितीदा सांगायचं? जबडे मिटले की रोग आत कोंडतो!"

"चुकलो," दाजी ओशाळून म्हणाले.

मी उभी राहिले. "दाजी, तुमच्या हाताखालच्या कुणी जबडे मिटवून शून्य न बघता माप घेतलं, तर तुम्ही काय कराल?"

"कानाखाली वाजवीन," दाजी सवयीने बोलून गेले. मग त्यांचा चेहरा बदलला.

"मग इथे का नाही बघितलं?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. महाराज हसले. "बहीणबाई मापातल्या जाणकार दिसतात. बाई, लोखंडाचं शून्य वेगळं, देहाचं शून्य वेगळं!"

"शून्य एकच असतं, महाराज. दोन जबड्यांमध्ये काही नसलं की पट्टीनेही काही नाही असंच म्हणायला हवं. एवढंच बघायचंय. दाजी, मिटा."

"मिटलं तर तुमच्या बहिणीची गाठ उलटेल!" महाराजांचा आवाज चढला. "तिच्या जिवाची जबाबदारी कुणाची?"

दाजी थबकले. त्यांनी ताईकडे पाहिलं. सगळा हॉल ताईकडे पाहू लागला. ताईचा हात गळ्यावर गेला. ती इतकी पांढरी पडली, की मला वाटलं आता नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली असती तर दाजींनी ऐकलं असतं.

"मिटा, अहो," ताई म्हणाली. "रात्री मला श्वास पुरत नाही. मी बोलले नाही, तुम्ही खुशीत होतात म्हणून."

दाजींनी जबडे मिटले.

व्हर्नियर अजून कॅमेऱ्याखालीच होता, त्यामुळे सगळ्यांना दिसलं. जबडे एकमेकांना घट्ट टेकले होते. आता सरकत्या पट्टीचं शून्य मोठ्या पट्टीच्या शून्यावर बसायला हवं होतं. ते त्याच्या कितीतरी मागे, कोऱ्या पोलादावर जाऊन उभं होतं. काहीही न मोजता ती पट्टी साडेचार मिलिमीटर कमी दाखवत होती.

"रोगाने... रोगाने शून्य ओढलं!" महाराज म्हणाले. "पाहा, स्पंदनाची ताकद!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पर्समधून पोलादाची ठोकळी काढली. ती बरोबर दहा मिलिमीटरची असते, तिच्यावरच आम्ही व्हर्नियर तपासतो. दाजींनी ती जबड्यांत धरली. पडद्यावर साडेपाच आले.

"या ठोकळीलाही बरं केलंत का महाराज?" ड्रायव्हरने विचारलं.

दाजी हसले नाहीत. त्यांनी सरकत्या भागावरची रेघांची पट्टी नखाने चाचपली. ती दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली असते, आणि स्क्रूंची भोकं केसभर लांबट असतात, कारखान्यात शून्य जुळवता यावं म्हणून. इथे ती कानशीने घासून चांगली लांब केली होती. स्क्रू सैल करा, पट्टी सरकवा, स्क्रू आवळा. प्रत्येक बैठकीआधी अर्धा-एक मिलिमीटर. सगळ्या गावाचे रोग एका दमात एक मिलिमीटरने बरे! पट्टी सरकायला जागा उरली नाही की महाराज पुढच्या गावी नवा व्हर्नियर घेऊन हजर. म्हणून तर मिटायला बंदी आणि दुसऱ्या मापालाही बंदी.

सेवकांनी दिवे घालवले. गोंधळात महाराज मागच्या दाराने निघाले, पण ड्रायव्हर आणि आणखी दोघे आधीच तिथे उभे होते. पोलीस आले. हे सगळं समाधानाचं वाटेल, पण मला समाधान झालं नाही. मनगटवाले आजोबा हात धरून मला विनवत होते, "बाई, त्यांना सोडा हो. मला खरंच हलकं वाटत होतं." हलकं वाटलं असेलच, पण गाठ तिथेच होती.

"माझं माप घे," ताई म्हणाली.

"ताई, इथे नको."

"इथेच घे."

मी माझा व्हर्नियर काढला, जबडे मिटवून तिला शून्य दाखवलं आणि मग तिच्या गळ्याला लावला. सव्वीस. पहिल्या दिवशी चोवीस होती. दाजी भिंतीला पाठ लावून खाली बसले. ज्या माणसाचं माप कुणी तपासत नाही, त्या माणसाने सगळ्यांत मोलाचं माप न तपासता घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझा आकडा ऐकला आणि मान हलवली. "बाहेरून मोजून काय कळणार? आत कुठे पसरली ते बघायला हवं." तपासणीत कळलं, गाठ नसेला गुंडाळून बसली होती. ऑपरेशन बराच वेळ चाललं. ताई वाचली. आवाज वाचला नाही.

आता बसस्थानकावर दुसरी बाई बोलते. ताई कुजबुजते, तेही कानाशी तोंड नेऊन. दाजी घरात रेडिओ लावू देत नाहीत, भांडी हळू ठेवतात, तिचा शब्द हुकू नये म्हणून. परवा मी हे लिहायला बसले तेव्हा तिला विचारलं, लोकांना तुझ्याकडून काय सांगू? ती माझ्या कानाशी आली आणि प्रत्येक शब्दाला श्वास घेत म्हणाली, "तपासू का, असं एकदा विचारायचं होतं. तेव्हा आवाज होता."

तुम्हाला आवाज आहे. कुणी चमत्कार दाखवला, मग तो राखेचा असो की आकड्याचा, तर मोठ्याने विचारा, "आम्ही तपासून बघू का?" खरा माणूस "बघा" म्हणेल. जो "नको" म्हणेल, त्याच्यासमोरून उठा आणि आपलं माणूस घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.