पूल की टोक

एका आजींची अंघोळ आटोपून छ्याओ वेनलान बाहेर आली, तर हामानो आजोबांची खाट रिकामी होती. वृद्धाश्रमाचं मागचं दार सताड उघडं होतं. तिच्या मोबाइलवर आजोबांच्या आवाजातला निरोप होता, ‘हाशी नी इरू.’ पुलावर आहे.

ती तशीच पळत सुटली. जपानमधल्या मिउराच्या बंदरावर वाऱ्यानं हाडं गोठत होती, अंधार पडू लागला होता. पुलाच्या कठड्यावरून वाकून वाकून तिनं हाका मारल्या, पुलाखालचे खडक धुंडाळले. तेवढ्यात सोबत काम करणाऱ्या साकुमाताई सायकलवरून आल्या. त्यांनी निरोप ऐकला आणि त्यांचा चेहराच पडला.

“अगं, पूल कुठं म्हणतायत? टोक म्हणतायत ते.”

“हाशी म्हणजे पूलच ना?”

“टोकही. पूल असता तर पुढच्या ‘नी’वर आवाज खाली उतरला असता. इथं सपाट गेलाय.”

वेनलाननं पुन्हा ऐकलं. तिला काहीच वेगळं वाटेना. चीनमधल्या दालिएनमध्ये लहानपणापासून तिनं प्रत्येक अक्षराचा सूर त्या अक्षरातच ऐकला होता. शब्द संपल्यावर पुढच्या अक्षरावर आवाज पडतो का, हे बघायची तिच्या कानाला सवयच नव्हती. जपानीची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र ती पास झाली होती.

लाटा अडवणाऱ्या बांधाच्या पार टोकाला आजोबा सापडले. पायात नुसते मोजे, अंग भिजून चिंब, ओठ काळेनिळे. वेनलाननं आपला कोट त्यांच्याभोवती गुंडाळला, त्यांचे हात चोळत राहिली. “डोळे उघडा, आजोबा,” ती चिनीतच विनवत होती.

त्याच आठवड्यात न्यूमोनियानं ते गेले. त्यांच्या मुलीनं कमरेत वाकून वेनलानचे आभार मानले. आधी पुलावर गेलेला वेळ साकुमाताईंनी कुणालाच सांगितला नव्हता. वेनलाननंही सांगितला नाही.

निरोप तिनं पुसला नाही. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, कपडे वाळत घालताना ती तो ऐकायची. एका दुपारी तो ‘नी’ तिला अचानक सपाट ऐकू आला, अगदी स्वच्छ. ओल्या चादरी हातात धरूनच तिनं निरोप पुन्हा लावला.

संध्याकाळी दालिएनहून आईचा फोन आला. जेवलीस का, आईनं विचारलं. वेनलान मात्र शब्द संपल्यावर आवाज कुठं पडतो याचीच वाट बघत राहिली. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

“लान, ऐकतेयस ना?” आई म्हणाली.

“ऐकतेय,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.