पडद्यामागून ऐकलेला नाच

मित्रांनो, माझ्यासमोर रोज इतकी माणसं येऊन उभी राहतात, पण माझ्याकडे कोणीच बघत नाही. सगळे स्वतःकडे बघतात. मी एक जुना आरसा आहे, भिंतभर लांबीचा, आणि या गोष्टीची मला आता सवय झाली आहे. तरीही आज थोडं माझ्याबद्दल बोलावं असं मनात आहे. तुमचे केस नीट करून झाले असतील, तर ऐका.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून बाहेर पडलो तेव्हा मी नुसती काच होतो, आरपार. मग पाठीवर चांदीचा लेप चढला, त्यावर रंगाचा हात फिरला आणि माझ्यात जग दिसू लागलं. पहिली नोकरी लागली ती कपड्यांच्या दुकानात. तिथे येणारा प्रत्येक गृहस्थ माझ्यासमोर पोट आत ओढून उभा राहायचा आणि पैसे देताना ते हळूच सोडून द्यायचा. बायका विचारायच्या, "मी यात जाड दिसते का हो?" आणि नवरे बिचारे छताकडे बघत बसायचे. पुढे ते दुकान बंद पडलं आणि एका टेम्पोत, गादीला पाठ टेकून, मी शाळेत आलो.

ही शाळा जरा निराळीच होती. सकाळी इतर शाळांसारखं गणित आणि भूगोल चालायचं, मुलं जांभया द्यायची. दुपारची घंटा झाली की तीच मुलं अशी जागी व्हायची, जणू सकाळी आलेली कोणी दुसरीच होती. एका खोलीतून गळे तापवल्याचा आवाज यायचा, जिन्यात कोणीतरी राजा होऊन मरत असायचं आणि त्याच्या अंगावरून उड्या मारत बाकीचे डबा खायला पळायचे. मला नाचाच्या वर्गात, समोरच्या भिंतीवर बसवलं होतं. पण नाटकवाले मला कुठले सोडतात! एक मुलगा रडण्याचा सराव करायला रोज यायचा. त्याला रडू कधीच आलं नाही, नाक मात्र लाल व्हायचं. एकदा एकाने वडिलांची माफी मागण्याची तालीम केली. ती नाटकातली नव्हती, घरची होती. ती त्याने फार मनापासून केली.

सफाईवाल्या मावशी रोज सकाळी ओल्या फडक्याने आणि मग जुन्या वर्तमानपत्राने मला पुसायच्या. पुसता पुसता तोंडाचा पट्टा चालू असायचा. "एवढी मोठी भिंत पडलीय, पण मेल्यांना हात टेकायला आरसाच दिसतो!" असं म्हणायच्या, आणि जाताना स्वतःच्या कपाळावरची बट नीट करून घ्यायच्या. मला त्या फार आवडायच्या.

याच वर्गात मला शेंडेफळ भेटलं. तिचं खरं नाव काय होतं ते हजेरी घेताना ऐकलं असेल, पण वर्गात सगळ्यांत लहान म्हणून सगळे तिला शेंडेफळच म्हणायचे, आणि मीही तेच म्हणणार. ती तिच्या मामेबहिणीबरोबर शाळेत आली होती. ही मामेबहीण म्हणजे वर्गातली पहिली. उंच, ताठ, पाय टाकला की जमिनीला कळावं असा टाकायची. शेंडेफळ तिला ताई म्हणायची आणि ताई करेल ते करायची. ताईने वेणी घातली की हिची वेणी, ताईला तहान लागली की हिलाही तहान.

आता तुम्हाला माझं एक गुपित सांगतो. वर्गात कोण कुठे बघतंय हे नाच शिकवणाऱ्या बाईंनाही कळत नाही. मला बरोबर कळतं. नाचताना बाकीच्या मुली माझ्यात स्वतःला बघायच्या. शेंडेफळ मात्र माझ्यात ताईला बघायची. ताईचा हात वर गेला की हिचा जायचा, ताईचा पाय पडला की हिचा पडायचा. फक्त तो कणभर उशिरा पडायचा, चहात बिस्किट बुडवून काढावं तेवढा. ती इतकी चलाख होती की कोणाच्या लक्षात येऊ नये. बाई म्हणायच्या, "शेंडेफळा, तुझ्या नाचात काहीतरी कमी आहे, पण काय ते मला सापडत नाही." मला सापडलं होतं. पण आरशाला कोण विचारतो?

या शाळेत दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा असायची. एकेकीने एकटीने नाचायचं. ज्या पास होतील त्यांना वरचे वर्ग, बाकीच्यांनी घराजवळच्या साध्या शाळेत परत जायचं. शेंडेफळाला ही शाळा किती प्रिय होती हे मी पाहिलं होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे ओरडत घरी पळायचे, तेव्हा ही रिकाम्या वर्गाच्या लाकडी जमिनीवर उताणी पडून राहायची. ताई हाका मारून मारून कंटाळायची. "अगं, सुट्टी लागलीये, चल की!" आणि ही म्हणायची, "तेच तर."

परीक्षेच्या आधी बाईंचा एक रिवाज होता. रंगमंचाचा जुना जाड पडदा आणून त्या मला झाकून टाकायच्या. "परीक्षेत आरसा नसतो आणि आयुष्यातही नसतो," असं दरवर्षी सांगायच्या. मला तो रिवाज मुळीच आवडायचा नाही. वर्षभर मान मोडून काम करावं, आणि ऐन मोक्याला तोंडावर पडदा! पण त्या वर्षी पडदा पडला तेव्हा माझी नाराजी मी पार विसरलो. ताल धरणाऱ्या काकांचा ढोल सुरू झाला, सगळ्यांचे पाय सुरू झाले. पहिल्या दिवशी सगळ्याच चुकतात, तशा चुकल्या, हसल्या. त्यांत पायांच्या एका जोडीचा आवाज मात्र मुळीच येत नव्हता.

"शेंडेफळा, अशी खांबासारखी का उभी आहेस?" बाईंनी विचारलं.

बाईंनी सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "खरं सांग. आरशात कोणाकडे बघून नाचत होतीस?"

"ताईकडे."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि स्वतःकडे?"

"नाही बघितलं कधी. ताई जवळ असली की मी अगदीच कशीतरी दिसत असणार."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी तिला रोज पाहत होतो. ती कशीतरी दिसत नव्हती. हात उचलताना तिची बोटं शेवटी किंचित उलगडायची, हे तर ताईलाही जमत नव्हतं. ते सगळं माझ्यात होतं, अगदी तिच्या नाकासमोर, आणि तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. बाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता दिवस थोडे आहेत. रोज मधल्या सुट्टीत ये. चुकलीस तरी चालेल, पण स्वतःचं चुक."

ती रोज यायची. ढोल नसायचा, बाई नुसत्या टाळ्या वाजवायच्या. मला पडद्याआडून पाय ऐकू यायचे. अडखळायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे. कधी नाक ओढल्याचा आवाज यायचा. आपण वर जाणार आणि ही मागे राहणार, या विचाराने ताईची मात्र झोप उडाली असावी.

परीक्षेच्या सकाळी कोणी नसताना ताई वर्गात आली. तिने पडद्याची एक कड दुमडली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने पक्की केली. इतक्या दिवसांनी मला वर्ग दिसला! मागून शेंडेफळ आली तेव्हा ताई भराभर कुजबुजली, "हे बघ, परीक्षक आरशाकडे पाठ करून बसतात. मागच्या दाराला काच आहे. त्या काचेमागे मी उभी राहीन आणि हात करत राहीन. तू या फटीतून मला बघ आणि कर. झालं!"

"परीक्षकांनी पाहिलं तर?"

"त्यांचं लक्ष तुझ्या पायांकडे असणार. दाराकडे कोण बघतंय!"

मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला आनंदच झाला. शेंडेफळ शाळेत राहील आणि मला तिचा नाच दिसेल, आणखी काय हवं? त्या फटीचा मी अगदी जीव मुठीत धरून पहारा करत होतो.

परीक्षक आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. मुली एकेक करून आल्या आणि गेल्या. ताईचा नाच झाला, तो नेहमीसारखा देखणा झाला. मग शेंडेफळ आली. मागच्या दाराच्या काचेत ताईचं तोंड उगवलं. तिचे हात तयार होते.

"सुरू करू का, बाळ?" ढोलवाल्या काकांनी विचारलं.

शेंडेफळाने फटीकडे पाहिलं. ताई तिला दिसली. मग ती म्हणाली, "काका, एक मिनिट हं," आणि परीक्षकांच्या मागून सरळ माझ्यापाशी आली. तिचं तोंड माझ्या इतकं जवळ आलं की तिच्या श्वासाने मी धुरकट झालो. त्या धुरकट काचेत पहिल्यांदाच तिने स्वतःकडे पाहिलं, क्षणभर. मग चिमटा काढला आणि पडदा माझ्या तोंडावर ओढून घेतला.

"काय झालं?" परीक्षकांचा आवाज आला.

"काही नाही, सर. पडदा सरकला होता."

ढोल सुरू झाला. मी अंधारात होतो. आता हिने कोणाच्या मागून पाय टाकायचा? पहिली थाप पडली आणि तिच्या बरोबरीने पाय पडला. उशिरा नाही, अगदी बरोबर. दुसरा, तिसरा, आणि मग नुसती पावलांची सर. मध्येच पाय थांबले. ढोल एकटाच वाजत राहिला. माझ्या पाठीवरची चांदी थिजली म्हणा ना! आणि मग जमिनीवर एक लांबलचक घसट ऐकू आली, गिरकीची, आणि पाय पुन्हा ठेक्यावर येऊन बसले, ते शेवटपर्यंत तिथेच राहिले.

"ही गिरकी मी शिकवली नव्हती," बाई म्हणाल्या. "कुठून आणलीस?"

"मी विसरले होते पुढचं, बाई. पाय थांबवायचे नव्हते, म्हणून फिरले."

कोणीतरी हसलं, पण ते हसणं चांगलं होतं. मग बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत उभं राहायचं, कळलं?" दार धाडकन उघडलं आणि ताई आत धावली. आधी भांडली, "मी तिथे हात वर करून करून मेले आणि तू पडदा ओढतेस?" आणि मग तिच्या गळ्यात पडून रडली. नाटकवाल्या मुलाने ते रडणं पाहायला हवं होतं.

आता मी म्हातारा झालो आहे. कोपऱ्यांतली चांदी उडाली आहे, तिथे उभ्या राहणाऱ्या मुलांना डोकंच दिसत नाही. माझी एवढीच विनंती आहे, मला पुसताना पाणी कडांमध्ये मुरू देऊ नका, आणि टेकायचंच असेल तर हात धुऊन टेका. आणि माझ्यासमोर आलात की शेजाऱ्याकडे नंतर बघा, आधी स्वतःकडे बघा. मी काही लपवून ठेवत नाही. इतक्या वर्षांत या वर्गात झालेला जवळजवळ प्रत्येक नाच मी पाहिला. त्यांतला सगळ्यांत सुंदर कोणता, असं कोणी विचारलं तर मी शेंडेफळाचाच सांगेन, आणि तो मी पाहिलेला नाही.