ममीचं तोंड

"हात वर, मामा. आता श्वास घ्या आणि तसाच धरून ठेवा," मोनाली म्हणाली आणि बबनरावांच्या छातीभोवती तिने पट्टीचा आणखी एक वेढा दिला.

"सोडू कवा?"

"पट्टी बसली की."

बबनरावांनी श्वास धरला. सणसवाडीच्या एका कंपनीत, पॅकिंग खात्यात, त्यांनी उभी हयात काढली होती. मशिनचे सुटे भाग फोममध्ये गुंडाळायचे, वर टेप मारायची आणि खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण काढायचा. निवृत्तीनंतर आपल्यालाच कुणी गुंडाळील, असं मात्र त्यांच्या स्वप्नात आलं नव्हतं.

शिरूरच्या बाहेर, बंद पडलेल्या एका दगडखाणीत, सिनेमाचं इजिप्त उभं राहिलं होतं. पिरॅमिड प्लायवुडचा होता. तो गणपतीची सजावट करणाऱ्या पोरांनी बांधल्यामुळे त्याच्या टोकाला नकळत थोडा कळस आला होता. वाळवंटाला एक उंट होता. एरवी तो जत्रांतून पोरांना फिरवायचा. इथे दिवसभर उसाचं वाढं खात उभा असायचा. सिनेमाची गोष्ट अशी की, जो कोणी ह्या राजाच्या ममीला जागेवरून हलवील त्याचा निर्वंश होईल, असा प्राचीन शाप असतो, आणि हे ठाऊक असूनही सगळी पात्रं सिनेमाभर तिला हलवत राहतात.

बबनराव सेटवर वॉचमन म्हणून लागले होते. ममी व्हायला मुंबईहून आलेला नट पहिल्याच दुपारी उन्हाने चक्कर येऊन पडला. दिग्दर्शक इंद्रजीत पुण्याचा, तिशीचा तरुण. त्याने आजूबाजूला पाहिलं, तर उंच, काटकुळे आणि कितीही वेळ न हलता बसू शकणारे बबनराव गेटवर दिसले. ह्या गुणाची दखल घेणारा त्यांना आयुष्यात भेटलेला हा पहिला साहेब.

पट्ट्या जुनाट दिसाव्यात म्हणून त्या चहात बुडवून वाळवत. हे काम ज्या गड्याकडे दिलं, त्याने पहिल्या दिवशी चहा नेहमीसारखाच केला, म्हणजे साखर घालून. उसाच्या मुलखात बिनसाखरेचा चहा फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून होतो. दुपारपर्यंत राजाला मुंग्या लागल्या. शापाचं माहीत नाही, मुंग्या खऱ्या होत्या.

गावाला बातमी कळली आणि चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे हसरे चेहरे होते. ज्याचं अभिनंदन, तेवढा त्याचाच चेहरा नव्हता. मधोमध पट्ट्यांत गुंडाळलेला एक माणूस उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपले लाडके बबनराव'.

फोनाफोनांतून फिरत त्या फ्लेक्सचा फोटो दौंडला पोचला आणि कस्तुराबाईंनी पाहिला.

कस्तुराबाई ही बबनरावांची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्या दौंडहून लगोलग निघाल्या होत्या. लेक आल्याशिवाय आईला उचलत नाहीत, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण कस्तुराबाईंची जीप पाटसजवळ पंक्चर झाली, 'तासभर थांबा' असा त्यांनी फोन केला आणि इकडे अंत्यदर्शनाला एक बडा पुढारी आला. त्याने श्रद्धांजलीचं भाषण केलं. त्यात आईचं म्हणून दुसऱ्याच कुणा बाईचं नाव घेतलं. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं; पुढे त्याला दोन लग्नं आणि कारखान्याच्या निवडणुकीची एक सभा होती. "सायबांचा खोळंबा नको," असं गर्दीतून कुणीतरी म्हणालं. बबनराव काहीच म्हणाले नाहीत. तिरडी उचलली गेली.

कस्तुराबाई पोचल्या तेव्हा ओढ्यापलीकडे नुसता धूर होता.

"मला आईचं तोंड दावलं न्हाईस," सगळ्या भावकीसमोर त्या म्हणाल्या होत्या, "आता तू मेलास तरी तुझं तोंड बघायला मी यायची न्हाई."

त्यानंतर दर भाऊबीजेला बबनराव दौंडला जात आणि बहिणीच्या फाटकाशी उभे राहत. आत अंगणात कस्तुराबाई चंद्राच्या कोरीला ओवाळत. ज्या बाईला भाऊ नाही, ती तसं करते. बबनराव फाटकाबाहेरून तो सोहळा पूर्ण पाहत आणि परतीची गाडी धरत. घरच्यांनी त्यांना कितीदा सांगितलं, जाऊ नका. पण आक्काने एकदा समोर बसवून दोन शिव्या जरी दिल्या, तरी त्यांना पुरणार होतं.

आज राजाच्या अंत्ययात्रेचा शॉट होता. मेकअपवाल्या मोनालीने शेवटची पट्टी नाकाखालून ओठांवर आणली आणि डिंकाने चिकटवली.

"आता बोलायचं नाही, मामा. ओठ हलले तर सगळं पहिल्यापासून."

मग जनरेटर बंद पडला. राजाला ताडपत्रीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. तेवढ्यात खाणीच्या उतारावरून हातात कापडी पिशवी घेतलेली, गुडघ्यांनी अधू झालेली एक बाई सावकाश खाली येताना दिसली. बबनरावांनी चाल ओळखली आणि ते जागच्या जागी ताठ झाले. पट्ट्यांमुळे ते कुणाला कळलं नाही.

"ह्यात बबन्या कुठला?" कस्तुराबाईंनी मोनालीला विचारलं.

"हे काय, आजी. हेच."

"तोंड दिसतंय का त्याचं?"

"नाही हो. ममी आहे ना."

"नीट बघ बाई. कुठं फट-बिट?"

"डोळ्यांपुरती आहे. बाकी सगळं बंद."

"डोळं चालत्यात," कस्तुराबाई म्हणाल्या. सगळा नियम त्या गाडीतच ठरवून आल्या असाव्यात. त्यांनी समोरची खुर्ची पदराने झटकली आणि बसल्या.

बबनरावांच्या घशातून काहीतरी घुमलं.

"त्यांना बोलू देऊ नका हं, आजी. ओठांवरचं फाटेल."

"न्हाई बोलायचा त्यो. तवाबी न्हाई बोलला. तवा तर तोंड मोकळं व्हतं."

उंटाने रवंथ थांबवून एकदा इकडे पाहिलं.

"वाळलायस," कस्तुराबाई भावाला म्हणाल्या. "का पट्ट्यांनी तसा दिसतोयस? आन् च्याचा वास मारतोय सगळा. घरात च्या पीत न्हाईस का अंगाला लावतोस?" मग मोनालीकडे वळून, "हे लोक मढं किती वर्सं ठिवायचं म्हणं?"

"चार हजार वर्षं टिकलंय, आजी."

"आन् त्या राजाला बहीण व्हती का?"

"असेल की. आपल्या स्टोरीत नाहीये."

"आसंल. तिच्यासाठीच ठिवलं आसंल." त्या थोडा वेळ पिरॅमिडच्या कळसाकडे पाहत राहिल्या. "मी तर तासभर मागितला व्हता, बबन्या. चार हजार वर्सं न्हाई. तासभर."

बबनरावांना मान हलवायची होती, पण मानेला चार वेढे होते. होयही म्हणता येत नव्हतं आणि नाहीही. डोळे तेवढे त्यांच्या हातात होते. ते त्यांनी बहिणीवरून हलवले नाहीत.

खडखड करत जनरेटर सुरू झाला.

"चला, चला! उन्हं उतरायच्या आत!" इंद्रजीत ओरडला.

"जाते मी," कस्तुराबाई उठल्या. "माझी गाडी चुकंल."

राजाला सोनेरी पेटीत आडवं केलं. गुलाम चार होते. सणसवाडीत खोल्या घेऊन राहणारे बिहारचे कामगार, सुट्टीच्या दिवशी सोनेरी लुंग्या नेसून आलेले. पेटीतून बबनरावांना आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि बाकीचं ऐकू येत होतं. आक्काच्या चपला खडीवर वाजत उताराकडे गेल्या. मग थांबल्या. मग त्यांचा आवाज पुन्हा मोठा होऊ लागला.

"माझं एक ऱ्हायलं," आक्का लांबून म्हणाली. तिचं बोलणं कॅमेऱ्यामागच्या गडबडीत दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"ॲक्शन! उचला!"

पेटी जमिनीवरून सुटली. चपला अजून लांब होत्या; गुडघे दुखत होते, खडी टोचत होती, त्या आपल्या चालीने येत होत्या.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा होता की पेटीतूनच आला, हे आधी कुणाला पटलं नाही.

"आक्का येतीय! उचलू नका. थांबा!"

"अरे, मुर्दा बोला!" मागच्या डावीकडचा गुलाम म्हणाला आणि त्याने आपला कोपरा सोडला. बाकीच्या तिघांनी पेटी कशीबशी खाली टेकवली.

"कट! कोण बोललं?"

"राजे बोलले, सर," मोनाली म्हणाली.

इंद्रजीत धावत आला. ओठांवरची पट्टी नाकापासून फाटून हनुवटीवर लोंबत होती. तीन तासांचा मेकअप, वर उतरतं ऊन. "मामा! काय हे? तुम्ही मेलेले आहात!"

"व्हय," बबनराव म्हणाले. "पर ती येऊद्या."

आयुष्यात त्यांनी कुठल्याही साहेबाला थांबायला सांगितलं नव्हतं आणि त्याची सवय नसल्याचं ऐकणाऱ्याला कळत होतं. इंद्रजीतने खाली पेटीत पाहिलं.

कस्तुराबाई पोचल्या. फाटलेली पट्टी त्यांना दुरूनच दिसली असावी, कारण शेवटची काही पावलं त्या मान पलीकडे, उंटाकडे वळवून चालल्या. पेटीशी येऊन त्या गुडघ्यांना शिव्या देत खाली बसल्या. मान तशीच वळवलेली. मग त्यांनी हात पेटीत घातला. हात आधी कडेला लागला, मग खांद्याला, मग हनुवटीवरचे खुंट लागले. बोटं ओठांवरून वर सरकली आणि नाकावर येऊन थांबली.

"नाक आईचंच हाय," त्या उंटाकडे पाहत म्हणाल्या.

शपथेत हाताचं काही नव्हतं.

त्यांनी दुसरा हातही पेटीत घातला. चारही गुलाम पेटीच्या चार कोपऱ्यांना उभे राहिले. इंद्रजीतने एकदा सूर्याकडे पाहिलं आणि ताडपत्रीखालच्या खुर्चीवर जाऊन बसला. कुणी उचलायची घाई केली नाही.