खानिमचे आठ दिवस

सानोबरनं झाडू आडवा घातला तेव्हा खानिमच्या चोचीत कोवळ्या तलंगीचं पांढरं पीस अडकलेलं होतं. तलंग तंदूरमागच्या सांदीत अंग चोरून बसली होती आणि तिच्या तुऱ्यावरून रक्ताचा ओघळ पार डोळ्यापर्यंत आला होता.

"हो बाजूला, कैदाशिणे! अख्खं अंगण तुझ्या बापाचं आहे का गं?"

खानिम तसूभर हलली नाही. लांब तंगड्या, ताठ मान, अंगात झुंजीच्या कुलांगी कोंबड्यांचं रक्त. सहा वर्षं या अंगणात तिचाच अंमल होता. दाणे पडले की आधी ती खाणार, तिनं मान वळवली की मग बाकीच्या. रक्त दिसलं तशा उरलेल्या तिघी म्हाताऱ्या कोंबड्याही सरसावल्या. एरवी गरीब, पण लाल काही दिसलं की त्यांच्याही अंगात येई.

सून मफ्तुना मूठभर राख घेऊन धावत आली. चारही तलंगी तिच्याच, वसंतात तिनं माहेराहून आणलेल्या. तिनं पांढरीला पोटाशी धरलं आणि जखमेवर राख दाबली.

"हिला पुन्हा कोठीत ठेवू का, आई?"

"दोनदा ठेवली ना? बरी होऊन बाहेर आली की खानिम आणखीच तुटून पडते." सानोबर फणकारली. "तुझ्या माहेरच्या कोंबड्यांना मान खाली घालण्यापलीकडे काही येतं की नाही?"

 मफ्तुनानं मान खाली घातली आणि राखेचे हात ओढणीला पुसले.

नाश्त्याला तिघं जर्दाळूखालच्या लाकडी बाजेवर बसली. मफ्तुनानं सकाळीच तंदूर पेटवला होता. तिनं दस्तरखान पसरून गरम नान मांडले. सानोबरनं त्यातला एक उचलला, उलटा केला, बोटानं वाजवून पाहिला.

"कडेला कच्चा राहिलाय. कोंबड्यांना भिजव." मग डब्यातून स्वतःच्या हातचा परवाचा नान काढून तिनं मुलापुढे मोडला. "हा घे, एल्योर."

"बरं, आई," मफ्तुना म्हणाली आणि सगळे नान परत फडक्यात बांधू लागली. लग्नाला वर्ष होत आलं होतं. या वर्षात तिच्या हातचा नान या घरातल्या माणसांपेक्षा कोंबड्यांनीच जास्त खाल्ला होता.

एल्योरनं चहाचा पियाला खाली ठेवला. "खानिमचा रस्सा करून टाका एकदाचा. रोजचा वैताग आहे." मग थोडं थांबून, आईकडे न बघता म्हणाला, "मर्गिलानला दोन खोल्या बघितल्यात मी. कामावर जायला जवळ पडेल."

"काम काय आज लांब गेलं होय?"

एल्योर उठला. मफ्तुना पियाले गोळा करू लागली, आणि ते नीट गोळा केलेले असूनही पुन्हा गोळा करू लागली. सानोबरनं हातातला घास परत ठेवला. एल्योर तिचं शेंडेफळ. धाकट्यानं आईबापाचं घर सोडायचं नसतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. थोरला रशियात, लेक गुल्चेहरा कोकंदला, नवरा मातीआड. एकेकाळी या बाजेवर सात माणसं मांडीला मांडी लावून जेवायची. हे दोघं गेले की ती आणि कोंबड्या.

हुंदका फुटेल असं वाटलं म्हणून ती उठून अंगण झाडायला लागली.

झाडता झाडता तिला सासूचा आवाज आठवला. ओयनिसोचा आवाज म्हणजे काय, तीन घरं पलीकडच्या म्हशी माना वर करायच्या! सानोबर एकोणीस वर्षांची नवी नवरी होती. तिनंही माहेराहून कोंबड्या आणल्या होत्या, आणि तेव्हाही या अंगणात अशीच एक उंच तंगड्यांची राणी होती. मार खाल्लेल्या कोंबडीला ओच्यात घेऊन सानोबर आत निघाली, तर तंदूरपाशी कणीक थापणारी ओयनिसो ओरडली होती:

"अगं येडे, मार खाणारीला कुठं नेतेस? परत आली की ती पुन्हा परकीच! मारणारीला उचल. आठ दिवस नजरेआड डालून ठेव. तिच्यामागं तिची जागा भरून निघते. मग आली की गुमान शेवटाला उभी राहते."

शेहेचाळीस वर्षं! इतकं साधं आणि तिला आठवलं नाही. सानोबरनं झाडू टाकला. माती खरवडत बसलेल्या खानिमला तिनं मागून धरलं, पंख दाबून काखेत मारलं, आणि चोचीचे दोन फटके खात मागच्या बागेत नेलं. भिंतीपलीकडे जुन्या तुतीखाली तिनं तिला मोठ्या डालग्याखाली डाललं आणि वर दगड ठेवला.

"बस आता. रस्सा होण्यापरीस हे बरं."

पाणी आणि दाणे ती रोज स्वतः नेऊन देई. खानिम डालग्याच्या फटीतून एका डोळ्यानं रोखून बघे. इकडे अंगणात पहिले दोन दिवस नुसता कालवा माजला, कोण पुढे आणि कोण मागे याचा. मफ्तुनानं दाणे एका जागी टाकायचे सोडून तीन कोपऱ्यांत टाकायला सुरुवात केली. ते सानोबरनं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी सगळं शांत झालं. सहाव्या दिवशी पांढऱ्या तलंगीनं पहिलं अंडं घातलं आणि असा काही ओरडा केला, की मफ्तुना खळखळून हसली. सानोबरनं तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. ते ऐकून तिला आनंद झाला आणि लाजही वाटली.

आठव्या दिवशी दुपारी तिनं डालगं उचललं आणि खानिमला अंगणात आणून सोडलं.

पांढरी तलंग ऐटीत चालत आली. तिनं खानिमच्या मानेवर एकच टोच मारली, जोराची नाही, नुसती सांगितल्यासारखी. खानिम एक पाऊल मागे सरली. दाणे पडले तेव्हा ती लांब उभी राहिली, सगळ्यांचं झाल्यावर आली.  मग खानिम भिंतीकडेच्या मऊ मातीत गेली, एका कुशीवर कलंडली, एक पंख उन्हात पसरला आणि तिनं डोळे मिटले. सहा वर्षांत भर दुपारी ती अशी पडलेली सानोबरनं कधी पाहिली नव्हती. खानिमला सतत पहारा करायचा असे.

सानोबर बाजेच्या कडेवर टेकली.

तेव्हाची ती राणी कोंबडी डालग्यातून परत आली, त्याच आठवड्यात ओयनिसोनं गाठोडं बांधलं होतं. "लेकीकडे जाते नमंगानला. चाळीस दिवस." सगळी गल्ली म्हणाली, सुनेच्या हातचं पटेना म्हणून म्हातारी रुसून गेली. सानोबरलाही तेच वाटलं. आजवर वाटत आलं. प्रवासाला निघणाऱ्यानं नानाचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत दारावर टांगून ठेवायचा, अशी तिथली रीत. पण ओयनिसोनं त्या दिवशी स्वतःच्या हातचा नान घेतला नव्हता. "तू भाजलेला आण," म्हणाली होती. सानोबरला वाटलं, जाता जाताही चारचौघांत नाव ठेवायचंय हिला.

चाळीस दिवस सानोबरनं तंदूर पेटवला, हात भाजले, सात माणसांना जेवू घातलं. ओयनिसो परत आली ती बाजेच्या शेवटच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "चहा मिळेल का गं, सूनबाई?" पुन्हा कधी ती तंदूरपाशी गेली नाही. नमंगानहून आली आणि थकली, असं सानोबर सगळ्यांना सांगत आली. थकली! शेवटची बारा वर्षं ती याच उन्हात पाय पसरून, डोळे मिटून बसायची आणि पोराटोरांच्या चेष्टा करून स्वतःच हसायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून सानोबर कितीदा तरी झोपली होती. आणि ती तेव्हा का गेली होती, हे एकदाही विचारलं नाही.

"आई गं," सानोबर पुटपुटली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेवर गाठोडं बघून एल्योर जागीच थबकला.

"गुल्चेहराकडे जाते कोकंदला. चाळीस दिवस," सानोबर म्हणाली.

"आई, तुम्ही रागावलात. खोल्यांचं मी नुसतं..."

"मी रागावले की तुला विचारावं लागतं का रे? तीन घरं पलीकडे ऐकू जातं. खोल्यांचं मी आल्यावर बोल. तेव्हाही हव्या असल्या तर जा, मी अडवणार नाही." ती सुनेकडे वळली. "मफ्तुना, नान आण."

मफ्तुनानं डबा उघडून सासूच्या हातचा नान काढला.

"तो नको. आज तू काढलास तो."

मफ्तुनाचा चेहरा उतरला. "आई, तो पुन्हा कडेला जरासा..."

"ठाऊक आहे मला. आण."

सानोबरनं नान दोन्ही हातांनी घेतला, बरोबर त्याच कडेला दात लावले आणि सावकाश चावून घास गिळला. मफ्तुना श्वास रोखून बघत होती.

"खानिमला आठ दिवस पुरले," सानोबर म्हणाली. "माझी हाडं जुनी आहेत, मला जरा जास्त लागतील."

तिनं नान सुनेच्या हातात दिला. मफ्तुना स्टुलावर चढली. दारावरच्या खिळ्याला नान अडकवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग तिनं तो फिरवला आणि सासूनं दात लावलेली कड गल्लीतून दिसेल अशी ठेवली.