सुदेशला काम शोधताना

नंदिगड्ड्यात कुणाला फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. अंगणवाडीत मी अकरा वर्षं काढली. रेशन, पेन्शन, जातीचा दाखला, काहीही असो, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी उत्तर लिहून मोकळी होते. त्यामुळे धाकट्या भावाचं, सुदेशचं, काम सुटलं तेव्हा त्याला दुसरं शोधून द्यायचं मीच अंगावर घेतलं.

काळी नदीवर तो आठ वर्षं पर्यटकांच्या राफ्ट न्यायचा. दिवाळीनंतरच्या एका फेरीत राफ्ट उलटली. सात जणांना त्यानं बाहेर काढलं, आठवी मुलगी हाती लागली नाही. चौकशी झाली, त्याची चूक नाही असं ठरलं. मालकानं परत बोलावलं, पण हा घरी येऊन जो बसला तो बसलाच. गोठा साफ करायचा, वाढलेलं जेवायचा, काही विचारलं तर नुसतं "हूं" म्हणायचा. शेताकडे जाताना नदी टाळून लांबच्या वाटेनं जायचा.

अंगणवाडीत पोरांना तपासायला येणारी नर्स सावित्री एकदा म्हणाली, "अक्का, ह्येला धारवाडला दाखवा. मनाचे डॉक्टर हायत थितं."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे 'धारवाडला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, माणूस वेडा झाला असं गाव समजून घेतं. "त्येला काम पायजे, डॉक्टर न्हाई," मी फटकन म्हणाले. "हाताला काम लागलं की सगळं जाग्यावर येतंय."

आधी देवळात जाऊन कौल लावला. गावकर नारायणमामांनी देवाला पाकळ्या चिकटवल्या आणि काय विचारायचं ते मला विचारलं. "धंदा बदलला तर बरं हुईल का, असं इचारा," मी म्हणाले. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मामा खांबाशी उभ्या सुदेशकडे वळले. "तुला आनि काय इचारायचं हाय काय रं?"

"झालं की मामा," मीच म्हणाले, "त्येचंच इचारलंय."

मग बेळगाव. नोकरी बदलणाऱ्यांना सल्ला देणारे दत्तप्रसाद म्हणून एक सर होते. माणूस भला, घाई न करणारा. त्यांनी चार पानांचा फॉर्म पुढे ठेवला आणि सवयीनं तो मी ओढून घेतला. आधीचं काम सोडण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं: प्रगतीची संधी नाही. माणूस बुडाल्याचं लिहिलं तर नोकरी कोण देईल?

"सुदेश, तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?" सरांनी विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कायबी करंल तो," मी म्हणाले.

सरांनी कागदावर होतं तेच पाहिलं. आठ वर्षांचा अनुभव, उत्तम पोहणं, जीव वाचवण्याचं प्रमाणपत्र. गोव्यातल्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावावर लक्ष ठेवायला जीवरक्षक हवा होता. "पाण्याची भीती नाही ना?" त्यांनी सहज विचारलं.

मी हसले. "भीती कसली, सर? नदीतच वाढलाय त्यो." परत येताना बसमध्ये मी आनंदानं शेंगा घेतल्या, त्यालाही दिल्या. त्यानं त्या तशाच मुठीत धरून ठेवल्या.

कॅसलरॉक स्टेशनवर त्याला गोव्याच्या गाडीत बसवायला मी गेले. गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, मला न्हाई जमायचं." इतक्या महिन्यांत त्यानं स्वतःहून काढलेले तेवढेच शब्द.

"सुरवातीला सगळ्यास्नी असंच वाटतंय," मी म्हणाले आणि त्याची पिशवी आत सरकवली.

तेराव्या दिवशी हॉटेलातून फोन आला. एक पोरगा गंमत म्हणून पाण्याखाली दम धरून बसला होता. त्याच्या बापानंच उडी मारून त्याला वर काढलं, पोराला काही झालं नव्हतं. पण आमचा जीवरक्षक काठावर कान दाबून खाली बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता. मी जाऊन त्याला घेऊन आले. त्यानंतर तो "हूं"सुद्धा म्हणेना.

तेव्हा धारवाडला नेलं. गाव काय म्हणेल याचा विचार करायला मला आता जागाच उरली नव्हती.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. "असं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने झाले."

"एवढे दिवस काय केलंत?"

"काम शोधलं," मी म्हणाले. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर बसा."

"त्यो बोलत न्हाई, बाई. मीच सांगतो सगळं."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी बसून राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. मग बाईंनी हळू काहीतरी विचारलं, आणि त्याचा आवाज आला. घोगरा, तुटत तुटत येणारा, पण त्याचाच.

"प्राजक्ता," तो म्हणाला. "प्राजक्ता नाव तिचं. माझ्या मागंच बसलीती."

आणि तो रडायला लागला. आमचा बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

उठून आत जावं असं फार वाटलं. गेले नाही. चौदा महिने तो हे नाव एकटा घेऊन बसला होता, आणि घरात माझ्यासारखी बोलकी बहीण असून मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.