पलीकडच्या खोलीतून फोन

साथीमुळे विद्यापीठ बंद झालं आणि सोमवारपासून सगळे तास ऑनलाइन घ्या, असा आदेश निघाला. प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्यासाठी एक मदत कक्ष उघडला होता. तिथली माणसं घरूनच काम करत. ज्याची लाइन मोकळी, त्याच्याकडे फोन जाई. सून त्यांतलीच एक. नवरा परगावी अडकलेला, त्यामुळे घरात ती आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या.

सून जेवणाच्या टेबलावर बसून दिवसभर फोन घ्यायची. बोलून बोलून तिचा घसा पार बसला होता. सासूबाई मात्र खोलीचं दार लावून तास घेत. "कसं चाललंय?" विचारलं की "झकास" म्हणत आणि विषय बदलत.

त्या सकाळी फोन वाजला.

"हॅलो, मदत कक्ष."

"नमस्कार. कॅमेरा, माइक सगळं जमतं हो मला," पलीकडून आवाज आला. "पण शिकवणं जमत नाहीये."

आवाज सासूबाईंचा होता. सुनेचा बसलेला आवाज त्यांनी ओळखला नव्हता, आणि तिनेही ओळख दिली नाही.

"मुलांचे चेहरे बघून शिकवायची सवय माझी. आता समोर नुसते काळे चौकोन. 'समजलं का?' विचारते, कोणी हूं की चूं करत नाही. काल तास मधेच बंद केला. रडू आलं."

"घरात कुणाशी बोललात?"

"सून तुमच्याच कक्षात आहे. पण तिचं डोकं आणखी कशाला खाऊ? बिचारीला चहा गरम असताना प्यायला मिळत नाही."

सुनेने गार झालेला चहा बाजूला सारला. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तासभर बोलू नका. दहा मिनिटं बोला, मग मुलांना काहीतरी करायला द्या. घरात मिळेल ते पान हातात घेऊन शिरा बघायला सांगा. ज्यांचं नेट रडतंय, त्यांनी दोन ओळी लिहून पाठवाव्यात."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. घरात वाजली आणि फोनमध्येही.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "तू आहेस होय!" आणि दोघींना हसू आवरेना. दूधवाला बाहेर ताटकळत राहिला.

दुपारच्या तासाला सून कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसली. सासूबाईंनी पानं आणायला सांगितली. एकही चौकोन उजळेना. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. सुनेने 'थांबा' अशी खूण केली. मग एक चौकोन उजळला.

"मॅडम, बाहेर जाता येत नाही. घरात फक्त पालक आहे. चालेल?"

"कोणते, आई की बाबा?" सासूबाई पटकन बोलून गेल्या.

कोणीतरी खुदकन हसलं. मग कुणाची तुळस आली, कुणाचं कुंडीतलं जास्वंद. निम्मे चौकोन तरी हिरवे झाले. उरलेल्यांनी लिहून पाठवलं.

तास संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दमले गं. पण आज शिकवल्यासारखं वाटलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी हात टेकलेल्या दोन सहकाऱ्यांना आपल्या तासाला येऊन बसायला सांगितलं. इतिहासवाले सर आधी कुरकुरले, मग रोज येऊ लागले. सुनेच्या वाटचे काही फोन कमी झाले, आणि एका दुपारी तिला चक्क झोप लागली.